खोली तयार आहे, माणूस कुठे?

मुंबईत रिकामी खोली आहे आणि ती घ्यायला माणूस मिळत नाही, असं कुणी सांगितलं तर आपण त्याला आधी पंख्याखाली बसवू आणि मग घोटभर पाणी देऊ. पण हे खरोखर घडलेलं आहे, आणि तेसुद्धा वरळीत!

१९२० साली गव्हर्नर लॉईडसाहेबांच्या कारकिर्दीत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे आपलं बीडीडी, निघालं. कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधायच्या आणि खर्चासाठी कापसाच्या गाठीमागे १ रुपया कर घ्यायचा, असा बेत. कापसाने मुंबईत आणलेल्या माणसाला कापसानेच घर द्यावं, हिशेब चोख होता! पन्नास हजारांचा आकडा काही गाठला नाही, पण वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोडला मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. तळमजला आणि वर ३ मजले, मजल्यावर २० खोल्या, खोली १६० चौरस फूट, संडास सामायिक. भिंती अशा काँक्रीटच्या, की खिळा ठोकायला जावं तर खिळाच शरण यावा.

सगळं जय्यत झालं, फक्त कामगार येईना. भाडं परवडेना, आणि आत पाऊल टाकलं की तुरुंगात आल्यासारखं वाटे. सरकारने ही शंकासुद्धा ठेवली नाही. १९३० च्या सत्याग्रहात वरळीच्या काही चाळींचा चक्क तात्पुरता तुरुंग केला. भाडं न भरणारे का होईना, भाडेकरू मिळाले!

पुढे माणसं आली आणि इतकी आली, की खोली पुरेना. मग मधला लांबलचक पॅसेज कामाला आला. पोरांचं क्रिकेट, पाहुण्यांची अंथरुणं, बायकांची भांडणं आणि समेट, सगळं तिथेच. चौरस फुटांच्या हिशेबात नसलेली ही जागाच खरं घर होती.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. गिरण्यांचे भोंगे हळूहळू कायमचे गप्प झाले. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते : एक महापालिकेला, एक म्हाडाला, एक मालकाला. २००१ साली वाटे फक्त ‘मोकळ्या’ जमिनीचे, असं ठरलं. आता जिच्यावर गिरणी उभी, ती जमीन मोकळी कशी म्हणायची? एका शब्दाने पहिले दोन वाटे आटले. चिमण्यांच्या जागी टॉवर आले, आणि लोअर परळला बिल्डर लोक ‘अप्पर वरळी’ म्हणू लागले. परळ जागच्या जागीच होतं, भाव तेवढा वर गेला.

मग चाळींची पाळी आली. वरळीला भूमिपूजन २०१७ ला झालं आणि २०२१ ला पुन्हा झालं. भूमी एक, पूजा दोन. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना चाळीस मजली इमारतींतल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. प्रत्येकी ५०० चौरस फूट, मालकीहक्काने, आणि संडास घरात! चाळीच्या आठवणींनी गहिवरणाऱ्यांपैकी पहाटे डबा घेऊन रांगेत उभे राहिलेले किती, हे एकदा मोजायला हवं.

फक्त एक गोष्ट आहे. १९२० च्या सरकारने खोली बांधली, पण ती परवडेल का, हे विचारायचं विसरलं. आता घर फुकट आहे, पण लिफ्ट चाळीस मजले चढते, पाणी चाळीस मजले चढतं, आणि त्यांच्यामागून बिलही चढतं. ते न झेपून नातवाने घर विकलं आणि विरारची गाडी पकडली, तर वरळीत शंभर वर्षांनी पुन्हा तेच : घर कामगारासाठी बांधलं, राहायला आला भलताच.