बापाचं नाव विचारलं तेव्हा

लंडनची नोकरी सोडून पुण्याला परतायचं ठरलं, तेव्हा सामानाच्या यादीत एकच गोष्ट अडली. साठ लिटरची काचेची टाकी आणि तिच्यातल्या अंगठ्याएवढ्या आठ प्रवाळफांद्या. टाकी विकता येते. प्रवाळ मात्र भारतात नेता येत नाहीत. आपल्या १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत दगडी प्रवाळ आहेत, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीत.

या आठांतली एक फांदी मी नव्वद पौंडांना घेतली होती. जांभळं खोड, पोपटी टोकं. विकणारा म्हणाला, “हा संकर आहे, दोन जातींचा.” मी आईबापाचं नाव विचारलं, तर त्यानं विषय बदलला. तेव्हाच शंका यायला हवी होती. पण रंगाला भुललो.

पुढे शंका आली ती वाचायला लागल्यावर. घरी प्रवाळ पाळण्याचा इतिहास फार जुना नाही. जकार्ताचे ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये एका अमेरिकी मासिकात आपली पद्धत मांडली: खरं समुद्राचं पाणी, जिवंत खडक, हवेचे बुडबुडे, बस्स. पुढे १९८०च्या दशकात बर्लिनच्या डीट्रिश श्ट्यूबर यांच्या टाकीत एक अॅक्रोपोरा असा फोफावला, की ते त्याच्या फांद्या तोडून ओळखीच्यांना वाटू लागले. त्या फांद्यांच्या फांद्या, त्यांच्याही फांद्या, असं करत तो एकच जीव कितीतरी टाक्यांत पोचला.

आमच्याकडे रत्नागिरीला याला कलम म्हणतात. हापूसचं कलम म्हणजे हापूसच. वेगळं फळ हवं तर मोहोरावर परागकण टाकावे लागतात. नीलम आणि हापूस यांच्यातून दापोलीत ‘रत्ना’ झाला, तो असा. प्रवाळांच्या बाजारात मात्र कलमालाच नवं चमकदार नाव देऊन ‘नवी जात’ म्हणून खपवायची रीत पडली आहे.

खरा संकर करायचा तर आधी लग्नाचा मुहूर्त कळायला हवा, आणि तो शास्त्रज्ञांनाही फार उशिरा कळला. बहुतेक प्रवाळ पिल्लं पोटात वाढवून सोडतात, असा समज होता. ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सविलच्या तरुण संशोधकांनी १९८१ पासून रात्री पाण्यात उतरून पाहिलं, तर पौर्णिमेनंतरच्या मोजक्या रात्रींत कितीतरी जातींचे प्रवाळ एकदम अंडी आणि शुक्राणूंच्या गुलाबी गोळ्या सोडत होते. गोळ्या वर तरंगत जातात, फुटतात, आणि पृष्ठभागावर सगळ्यांची सरमिसळ होते. १९८४ मध्ये ‘सायन्स’मध्ये हा शोध छापून आला. माणूस चंद्रावर जाऊन आल्यानंतरची ही गोष्ट आहे, हे मला अजून पचत नाही.

इतकी गर्दी, म्हणजे परजातीशी गाठ पडणारच. बेट विलिस आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या जातींची अंडी आणि शुक्राणू प्रयोगशाळेत एकत्र करून पाहिले. काही जोड्या जुळल्या, काही अजिबात नाही. १९९७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. कॅरिबियनमध्ये तर निसर्गानंच हा प्रयोग करून ठेवला होता. अॅक्रोपोरा प्रोलिफेरा ही स्वतंत्र जात मानली जायची. व्होल्मर आणि पलुंबी यांनी २००२ मध्ये दाखवलं, की ती सांबरशिंगी आणि एल्कशिंगी प्रवाळांची पहिल्या पिढीची संतती आहे. त्यातही अंडं कोणत्या जातीचं, यावर पोराचा आकार ठरतो.

आणि रंग? प्रवाळाच्या पेशींत प्रकाशमान प्रथिनं असतात. १९९९ मध्ये मॉस्कोच्या संशोधकांनी टाक्यांत सर्रास पाळल्या जाणाऱ्या डिस्कोसोमातून लाल प्रथिन वेगळं काढलं. आज जगभरच्या प्रयोगशाळा ते वापरतात. साउदॅम्प्टनच्या गटानं २०१५ मध्ये दाखवलं, की एकाच जातीतला एक प्रवाळ लालभडक आणि दुसरा फिका असण्यामागे त्या जनुकाच्या किती प्रती कामाला लागल्या आहेत, हे कारण असतं. वर दिव्याचाही हात. निळा प्रकाश वाढवला की तीच फांदी वेगळी दिसते. म्हणजे दोन रंगीत प्रवाळांचं लग्न लावलं तरी पोर कसं निघेल, हे कुणी छातीठोकपणे सांगू नये.

घरी हे लग्न लागणंही अवघड. अॅक्रोपोरा वयात यायला काही वर्षं लागतात, दोन वेगळे जीव एकाच रात्री तयार हवेत, आणि गोळ्या सुटल्याच तर पाण्याचे पंप त्यांचा चुथडा करतात. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जेमी क्रॅग्ज यांनी २०१२ पासून यावर काम केलं. समुद्राचं वर्षभराचं तापमान, दिवसाची लांबी, चंद्राचा उजेड, सगळं संगणकाच्या हुकमानं टाकीत उतरवलं. २०१७च्या त्यांच्या शोधनिबंधात अॅक्रोपोराच्या चार जाती बंद टाकीत ठरल्या वेळी अंडी सोडताना दिसतात. मी ते वाचून ईर्ष्येनं रास्पबेरी पायवर स्वतःचा चंद्र लिहिला. मार्चच्या शेवटच्या रविवारी इंग्लंडची घड्याळं तासभर पुढे गेली आणि माझ्या समुद्रात पहाट एक तास आधी झाली. वेळ स्थानिक नाही, जागतिक ठेवावी, हे ऑफिसात मी इतरांना शिकवतो.

तर माझी नव्वद पौंडांची फांदी संकर होती का? जवळपास नक्कीच नाही. कुण्या समुद्रातल्या एका देखण्या प्रवाळाचं ते कलम असावं. राग आला, पण टाकीपुढे बसलो की ओसरायचा.

निघण्याच्या आदल्या आठवड्यात ती फांदी मी शेजारच्या इमारतीतल्या एका निवृत्त शिक्षिकेला दिली. पैसे घेतले नाहीत. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “हिचं नाव काय?” मी दुकानदाराचं नाव सांगितलं नाही, अॅक्रोपोरा, एवढंच सांगितलं. परवा त्यांचा फोटो आला. त्यांच्या दिव्याखाली ती निळी दिसते आहे, आणि बुंध्याशी दोन नवे कोंब.