‘पाहू नका’पासून ‘अवश्य पाहा’पर्यंत

भारतीय चित्रपटाच्या जन्माची कथा आपण अनेकदा ऐकतो. परंतु तिच्यातील एक धागा ख्रिस्ती वाचकांच्याही ध्यानात क्वचितच राहतो. १९१० साली मुंबईच्या ‘अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस’मध्ये धुंडिराज गोविंद फाळके यांनी एक मूकपट पाहिला आणि त्यांच्या आयुष्याची दिशा पालटली. तो मूकपट प्रभू येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील होता. पडद्यावर ख्रिस्तचरित्र सरकत असताना आपल्या मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण उभे राहत होते, असे फाळके यांनी पुढे १९१७ साली ‘नवयुग’ मासिकात नमूद केले. स्वतः पाहून झाल्यावर त्यांनी पत्नी सरस्वतीबाईंनाही चित्रपट दाखवायला नेले. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावातील कोरोनेशन चित्रगृहात झळकला, तेव्हा त्यामागे याच सरस्वतीबाईंचे गहाण पडलेले दागिने आणि साऱ्या कलावंतांसाठी पेटलेली त्यांची चूल होती.

चांगला चित्रपट दुसऱ्यास सुचविणे म्हणजे काय, हे या प्रसंगातून आम्हांला उमगते. स्वतःच्या अंतःकरणाला जे भिडले, ते आपल्या माणसाला हाताला धरून दाखवावे, त्याच्या शेजारी बसून पाहावे, आणि मग त्यातून दोघांचे जीवन थोडे पुढे जावे, एवढेच त्यात अभिप्रेत आहे. ही साधी गोष्ट पुढील अर्धशतकात सत्तेला आणि ख्रिस्तसभेलाही किती अवघड गेली, आणि आज ती पुन्हा आपल्या घराच्या उंबरठ्यावर कशी येऊन ठेपली आहे, याचा मागोवा घेण्याचा आमचा येथे प्रयत्न आहे.

आपला जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला. परतूर तालुका परभणीकडून आला. त्यापूर्वी १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. त्याच राज्याच्या राजधानीत धीरेंद्रनाथ गांगुली या बंगाली दिग्दर्शकाने ‘लोटस फिल्म कंपनी’ काढली होती. १९२४ साली त्यांनी मुंबईत तयार झालेला ‘रझिया बेगम’ हा चित्रपट दाखविला. मुसलमान राणी आणि हिंदू प्रजाजन यांच्या प्रेमाची ती कथा दरबाराला रुचली नाही, आणि गांगुलींना राज्य सोडून जाण्याचा हुकूम झाला. आपल्या मुलखाच्या चित्रपट-इतिहासातील सुरुवातीच्या पानांवरच असा मनाईहुकूम लिहिलेला आहे.

तरीही सिनेमा येतच राहिला. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी लोहमार्गाची वाट जालन्यावरून जाते; मुंबईचा माल आणि मुंबईच्या नव्या गोष्टी त्याच वाटेने मराठवाड्यात पोहोचल्या. जत्रेच्या मैदानात फिरत्या टॉकीजचे तंबू उभारले जात आणि माणसे जमिनीवर बसून चित्रपट पाहत. त्या काळी वृत्तपत्रांतील परीक्षण खेड्यापर्यंत पोहोचत नसे. बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाऊन आलेला माणूस पारावर सांगे तेच परीक्षण. ‘बघण्यासारखा आहे’ एवढ्या दोन शब्दांवर बैलगाड्या जुंपल्या जात.

आता ख्रिस्तसभेकडे वळू. नवे माध्यम लहान मुलांच्या आणि तरुणांच्या मनावर काय परिणाम करील, ही चिंता तिला फार लवकर लागली, आणि ती चिंता खोटी नव्हती. २९ जून १९३६ रोजी पोप अकरावे पायस यांनी ‘विजिलान्ती कुरा’ हे विश्वपत्र अमेरिकेतील महागुरूंना उद्देशून लिहिले. तेथील कॅथलिकांनी उभारलेल्या ‘लीजन ऑफ डीसन्सी’ या संघटनेचे त्यात कौतुक होते. ही संघटना चित्रपटांची वर्गवारी करी. ‘क’ श्रेणीत पडलेला चित्रपट निषिद्ध समजला जाई. असे चित्रपट न पाहण्याची शपथ भाविक दरवर्षी मिस्साच्या वेळी घेत. अर्थात त्या विश्वपत्रातही चांगला चित्रपट माणसाला उन्नत करू शकतो, हे स्पष्टपणे मान्य केलेले होते. तथापि लोकांच्या ध्यानात राहिली ती निषिद्धांची यादीच.

या मार्गाची मर्यादा लवकरच दिसून आली. रोबेर्तो रोसेलिनी या इटालियन दिग्दर्शकाच्या ‘द मिरॅकल’ या छोट्या चित्रपटावर न्यूयॉर्कमध्ये मोठे काहूर माजले. कार्डिनल स्पेलमन यांनी त्याचा तीव्र निषेध केला, परवाना रद्द झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. १९५२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की चित्रपटालाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आहे. ज्याला अडवायचे होते, त्याच चित्रपटामुळे साऱ्या चित्रपटांचे दार उघडले.

परंतु ख्रिस्तसभेत दुसरा प्रवाहही वाहत होता. १९२८ साली हेग येथे कॅथलिकांची आंतरराष्ट्रीय चित्रपट संघटना (ओसिक) स्थापन झाली होती. तिचे परीक्षक पुढे मोठमोठ्या महोत्सवांत बसून चांगल्या चित्रपटांना पुरस्कार देऊ लागले. पोप बाराव्या पायस यांचे ‘मिरांदा प्रोर्सुस’ हे विश्वपत्र ८ सप्टेंबर १९५७ रोजी आले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी ‘इंतेर मिरिफिका’ हा संपर्कमाध्यमांविषयीचा आदेश संमत केला. माध्यमे ही परमेश्वराने मानवी बुद्धीला दिलेल्या देणग्या आहेत, हा भाव त्यात प्रधान होता. ‘काय पाहू नये’ या प्रश्नाच्या जोडीला ‘काय पाहावे’ हा प्रश्न आला.

त्या प्रश्नाचे सर्वांत ठसठशीत उत्तर १९९५ साली मिळाले. चित्रपटकलेची शताब्दी जगभर साजरी होत असताना व्हॅटिकनच्या सामाजिक संपर्कविषयक परिषदेने ४५ महत्त्वाच्या चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली. धर्म, मूल्ये आणि कला असे तीन विभाग, प्रत्येकात १५ चित्रपट. ‘बेन-हर’ आणि ‘अ मॅन फॉर ऑल सीझन्स’ त्यात असणे स्वाभाविकच होते. आश्चर्य वाटते ते इतर नावांचे. ज्या रोसेलिनीवर निषेधाची आग पाखडली गेली, त्याचे दोन चित्रपट या यादीत आहेत: संत फ्रान्सिस व त्यांच्या बंधूंवरील चित्रपट आणि ‘रोम, ओपन सिटी’.

त्याहून विलक्षण कथा पिएर पाओलो पासोलिनी यांची आहे. ते नास्तिक आणि मार्क्सवादी होते. १९६३ साली त्यांच्या एका लघुपटाबद्दल धर्मनिंदेच्या आरोपावरून न्यायालयाने त्यांना शिक्षाही सुनावली होती. त्याआधी ४ ऑक्टोबर १९६२ रोजी पोप तेविसावे जॉन असिसीला आले, तेव्हा पासोलिनी त्याच गावी एका कॅथलिक संस्थेचे पाहुणे होते. गर्दीत बाहेर न पडता ते खोलीतच राहिले आणि तेथे ठेवलेले शुभवर्तमान त्यांनी वाचून काढले. त्यातून १९६४ साली ‘संत मत्तयचे शुभवर्तमान’ हा चित्रपट जन्मला. ख्रिस्ताच्या भूमिकेत एक स्पॅनिश विद्यार्थी, दुःखी मातेच्या भूमिकेत दिग्दर्शकाची स्वतःची आई, आणि भोवती दक्षिण इटलीतील रापलेल्या चेहऱ्यांची गरीब माणसे. चित्रपट पोप जॉन यांच्या स्मृतीला अर्पण केलेला आहे. व्हेनिसच्या महोत्सवात ओसिकचा पुरस्कार त्याला मिळाला, आणि १९९५ साली व्हॅटिकनच्या यादीतील धर्मविभागात त्याला मानाचे स्थान मिळाले. एखाद्या खोलीत कोणीतरी ठेवलेले पुस्तक हीदेखील एक मूक शिफारसच नव्हे काय?

या यादीतील मूल्यविभागातला एक चित्रपट आम्ही जालना जिल्ह्यातील कुटुंबांपुढे आवर्जून ठेवू इच्छितो. एर्मान्नो ओल्मी यांचा १९७८ सालचा ‘द ट्री ऑफ वुडन क्लॉग्ज’, म्हणजे खडावांचे झाड. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर इटलीतील एका मालकाच्या वाड्यात राहून त्याची जमीन कसणारी ही कुटुंबे. धर्मगुरूंच्या सल्ल्याने एक शेतकरी आपल्या हुशार मुलाला शाळेत घालतो. शाळा दूर, वाट चिखलाची. एके दिवशी मुलाची लाकडी खडाव तुटते. बाप रात्री गुपचूप मालकाचे एक झाड तोडतो आणि मुलासाठी नवी खडाव कोरतो. मालकाला ते कळते आणि त्या कुटुंबाला बिऱ्हाड गाडीत घालून निघावे लागते. चित्रपटातील सारी माणसे त्या भागातील खरीखुरी शेतकरी आहेत. ज्यांनी सालगड्याचे जिणे पाहिले आहे, दिवाळी झाली की ऊसतोडीसाठी घराला कुलूप लावणारी आणि मुलांच्या शाळेचे काय, या विचाराने मागे वळून पाहणारी कुटुंबे पाहिली आहेत, त्यांना या चित्रपटाचे भाषांतर करून सांगावे लागणार नाही.

आता यादीची उणीवही सांगितली पाहिजे. ४५ चित्रपटांत जपानचे नाव आहे, रशियाचे आहे. भारतीय भाषेतील चित्रपट एकही नाही. ‘गांधी’ (१९८२) आहे, पण त्याचे दिग्दर्शक इंग्रज आणि भाषा इंग्रजी. आपली समाधानाची बाब इतकीच की त्यातील कस्तुरबा मराठमोळ्या रोहिणी हट्टंगडी यांनी साकारली आणि वेशभूषेसाठी ऑस्कर मिळविणाऱ्या भानू अथैया कोल्हापूरच्या. सत्यजित राय यांचे नाव नाही, हे अधिकच खटकते. कारण १९५६ साली कानच्या महोत्सवात ‘पथेर पांचाली’ची विशेष दखल ओसिकच्या परीक्षकांनीच घेतली होती. गास्ताँ रोबेर्ज हे कॅनडाचे येशूसंघीय फादर १९६१ साली भारताकडे निघाले असता वाटेत न्यूयॉर्कमध्ये त्यांनी राय यांची ‘अपू’ चित्रत्रयी पाहिली. पुढे त्यांनी १९७० साली कोलकात्यात ‘चित्रबाणी’ ही संस्था उभारली आणि आयुष्यभर भारतीयांना चित्रपट पाहायला शिकविले. भारतीय चित्रपटाची थोरवी कॅथलिक डोळ्यांना दिसत होती. यादीत मात्र ती उतरली नाही.

ही रिकामी जागा आपणच भरावयाची आहे. आम्ही आमच्या वतीने तीन मराठी नावे सुचवितो. पहिले, ‘संत तुकाराम’ (१९३६). दामले-फत्तेलाल यांच्या या चित्रपटाचा व्हेनिसमध्ये गौरव झाला. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब ज्या जिल्ह्यात आहे, तेथील ख्रिस्ती माणसाला संतचरित्र परके वाटू नये. दारिद्र्यातही देवाशी प्रामाणिक राहणारा तुका आणि त्याच्याशी भांडून त्याच्यासाठीच झिजणारी आवली आपल्याला कौटुंबिक जीवनाविषयी पुष्कळ सांगून जातात. दुसरे, आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ (१९५३), ज्याला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक लाभले. तिसरे, संदीप सावंत यांचा ‘श्वास’ (२००४): नातवाची दृष्टी जाण्यापूर्वी त्याला जग दाखवू पाहणारे आजोबा. आणखी नावे वाचकांनी घालावीत.

पोप फ्रान्सिस यांनी २०१३ सालच्या मुलाखतीत सांगितले होते की आपण दहा-बारा वर्षांचे असताना आईवडील आपल्याला आल्दो फाब्रित्सी आणि आन्ना मान्यानी यांच्या चित्रपटांना नेत. त्यांत ‘रोम, ओपन सिटी’ही होता. २०१६ साली ‘आमोरिस लेतित्सिया’ या कुटुंबविषयक पत्रात त्यांनी ‘बाबेट्स फीस्ट’ या चित्रपटाचा दाखला दिला. नोव्हेंबर २०२५ मध्ये पोप चौदावे लिओ यांनी चित्रसृष्टीतील कलावंतांच्या भेटीच्या निमित्ताने आपले चार आवडते चित्रपट जाहीर केले: ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’, ‘द साउंड ऑफ म्युझिक’, ‘ऑर्डिनरी पीपल’ आणि ‘लाइफ इज ब्युटिफुल’. निषिद्धांच्या याद्यांपासून निघालेला प्रवास परमगुरूंच्या आवडीपर्यंत येऊन पोहोचला आहे.

आज जत्रेतला तंबू उठला असला तरी पडदा प्रत्येकाच्या खिशात आला आहे. मुलांना काय पाहावे हे सांगणारे यंत्र रात्रंदिवस जागे आहे. त्याला मुलाचे नाव ठाऊक आहे, त्याचे कल्याण ठाऊक नाही. अशा वेळी नुसत्या मनाईने काही साधणार नाही, हे इतिहासानेच दाखवून दिले आहे. येत्या प्रायश्चित्तकाळात धर्मग्रामाच्या सभागृहात एका सायंकाळी ओल्मींचा चित्रपट लावावा. तो तीन तासांचा आहे, संथ आहे, हे आधीच सांगावे. मध्यंतरात चहा ठेवावा. आजी-आजोबांना पुढे बसवावे, आणि शेवटी त्यांनाच विचारावे की गाडीत बिऱ्हाड भरून गाव सोडणारे असे कुटुंब त्यांनी कधी पाहिले होते काय. मुलांना त्या उत्तरातून जे मिळेल, ते खिशातल्या पडद्यावर शोधून सापडणार नाही.