बडोद्याची शिष्यवृत्ती आणि भंडाऱ्याची पोटनिवडणूक

भंडारा जिल्ह्याचे नाव निघाले म्हणजे तलाव, धानाच्या बांध्या, वैनगंगेचे पात्र आणि पितळेची भांडी एवढ्याच गोष्टी पुण्यामुंबईकडील सुशिक्षितांच्या डोळ्यांपुढे येतात. परंतु १९५४ सालच्या मे महिन्यात या जिल्ह्याकडे साऱ्या देशाचे लक्ष लागले होते. भंडारा त्या वेळी नागपूर ही राजधानी असलेल्या मध्य प्रदेश राज्यात मोडत असे, आणि तेथे लोकसभेच्या दोन जागांसाठी पोटनिवडणूक होती. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेसाठी डॉ. भीमराव रामजी आंबेडकर उभे होते. काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांनी सुमारे साडेआठ हजार मतांनी त्यांचा पराभव केला.

निवडणुकीतील डावपेच हा येथे विषय नव्हे. पाहावयाचे आहे ते इतकेच की, ज्या उमेदवारास भंडाऱ्याच्या मतदारांनी परत पाठविले, त्याच्या आयुष्याचा पूर्वार्ध दुसऱ्याने दिलेल्या शिष्यवृत्तीवर घडला होता, आणि उत्तरार्धातील पुष्कळशी शक्ती अशी शिष्यवृत्ती इतरांस हक्काने मिळावी यासाठी खर्ची पडली होती. ज्यांच्या दारी तो मते मागावयास गेला त्यांच्या मुलांस या गोष्टीचे महत्त्व कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. भंडाऱ्याच्या मुलास कॉलेजचे शिक्षण घ्यावयाचे तर दीर्घकाळ नागपूरचीच वाट धरावी लागे. हिस्लॉप कॉलेज १८८३ साली व मॉरिस कॉलेज १८८५ साली तेथे निघाले. विद्यापीठ १९२३ साली आले. अंतर अवघे साठ किलोमीटरांच्या घरात, भंडारा रोड स्थानकावरून आगगाडीही मिळे. पण गाडीभाडे, खानावळ, खोली आणि फी यांची बेरीज भूमिहीन मजुराच्या किंवा गावकीच्या कामावर जगणाऱ्या कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची होती. त्यातून पैसा जमलाच तर खोली कोण देणार, हा प्रश्न उरेच. हेच दोन प्रश्न, पैसा कोणाचा आणि बिऱ्हाड कोठे, १९१३ साली न्यूयॉर्कला निघालेल्या एका तरुणाच्या बाबतीत कसे सुटले व कसे सुटले नाहीत, ती हकीकत पाहण्यासारखी आहे.

परदेशी विद्येसाठी मिळणाऱ्या मदतीस त्या काळी अटींचे शेपूट बहुधा असेच, आणि अट पाहिली की देणाराचे मन कळे. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सरकारी शिष्यवृत्तीवर १८९६ साली केंब्रिजला गेले, १८९९ साली गणितात सीनियर रँग्लर झाले, आणि परतून फर्ग्युसन कॉलेजात ठरल्याप्रमाणे अल्प वेतनावर रुजू झाले. जाताना घातलेला शब्द त्यांनी पाळला. परंतु शब्द पाळण्यास जागाही त्यांची वाट पाहत होती, हे विसरता कामा नये. १९०६ साली विनायक दामोदर सावरकर लंडनला गेले ते पंडित श्यामजी कृष्णवर्मा यांच्या योजनेतील शिवाजी शिष्यवृत्तीवर. तिची अट अशी की, घेणाराने इंग्रज सरकारची नोकरी पत्करू नये. बडोद्याची अट याच्या नेमकी उलट होती: शिकून आल्यावर दहा वर्षे बडोदे सरकारची नोकरी केलीच पाहिजे.

श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड हे नासिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी घरातून दत्तक आलेले. त्यांनी अस्पृश्यांसाठी शाळा एकोणिसाव्या शतकातच उघडल्या होत्या आणि १९०६ साली राज्यभर सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले होते. प्रवासाने माणूस शहाणा होतो, ही त्यांची नुसती समजूत नव्हती. ते स्वतः युरोप-अमेरिकेत वारंवार हिंडले, आणि तेथे जे चांगले दिसले ते माणसासकट उचलून आणण्याची त्यांची रीत होती. १९१० साली ग्रंथालयांची घडी बसविण्यास बोर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल त्यांनी बडोद्यास आणला. अशा राजाकडे कृष्णराव अर्जुन केळूसकर यांनी तरुण भीमरावाची शिफारस केली, आणि एल्फिन्स्टन कॉलेजात शिकण्यासाठी दरमहा २५ रुपये मिळू लागले. या शिक्षकाच्या मध्यस्थीवाचून पुढचे काहीच घडले नसते. शिष्यवृत्ती त्या काळी कार्यालयातून मिळत नसे. ती ओळखीतून मिळे.

बी. ए. झाल्यावर १९१३ च्या जानेवारीत आंबेडकर बडोद्याच्या नोकरीत गेले, परंतु थोड्याच दिवसांत वडिलांच्या अखेरच्या आजारामुळे मुंबईस परतावे लागले. २ फेब्रुवारी रोजी रामजी सुभेदार निवर्तले. त्याच सुमारास काही विद्यार्थ्यांस अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात पाठविण्याचे महाराजांच्या मनात आले होते. ४ जून १९१३ रोजी करारावर सही झाली. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. जुलै महिन्याच्या उत्तरार्धात आंबेडकर न्यूयॉर्कला पोहोचले.

साडेअकरा पौंडांत न्यूयॉर्कसारख्या शहरी राहावयाचे, त्यातूनच घरी रमाबाईंना खर्चाचे पाठवावयाचे आणि उरेल त्यातून जुनी पुस्तके विकत घ्यावयाची, असा तो संसार होता. प्रथम विद्यापीठाच्या वसतिगृहात, पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये, असे त्यांचे बिऱ्हाड फिरले. या शेवटल्या जागी नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याचा सहवास लाभला व तो स्नेह जन्मभर टिकला. एका टेबलाशी जेवणे, एका छपराखाली निजणे, वाचनालयात कोणत्याही खुर्चीवर बसणे या गोष्टी इतरांच्या जमेस धरण्याजोग्या नव्हत्या. ज्या मुलास शाळेत गोणपाटावर वेगळे बसावे लागले होते व पाण्याच्या भांड्यास हात लावण्याची मुभा नव्हती, त्याला मात्र त्या कोणत्याही पदवीपेक्षा कमी मोलाच्या वाटल्या नसाव्यात. न्यूयॉर्कला गेल्यावर थोड्याच दिवसांत वडिलांच्या एका स्नेह्यास त्यांनी पत्र लिहिले, त्यात मुलांच्या बरोबरीने मुलींसही शिकवावे असा आग्रह होता. नव्या मुलखातून घरी लिहावयाचे तर लोक उंच इमारतींचे वर्णन करतात.

अभ्यासाची रास तर थक्क करणारी होती. अर्थशास्त्रात प्राध्यापक सेलिग्मन, तत्त्वज्ञानात जॉन ड्यूई, इतिहासात रॉबिन्सन, मानववंशशास्त्रात गोल्डनवायझर असे गुरू लाभले. १९१५ साली एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चावर्गात त्यांनी हिंदुस्थानातील जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. तो पुढल्या वर्षी 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला. बडोदे सरकारने त्यांस पाठविले ते मुख्यतः राज्याच्या जमाखर्चाचे शास्त्र शिकून यावे म्हणून. ते शास्त्र त्यांनी शिकलेच. परंतु गावी ज्याने आयुष्य घेरले होते त्या जातिसंस्थेकडे इतक्या दुरून, शास्त्राच्या भिंगातून पाहण्याची संधी हा त्या शिष्यवृत्तीचा खरा लाभ म्हटला पाहिजे, आणि तो कराराच्या कोणत्याच कलमात लिहिलेला नव्हता.

१९१६ च्या ऑक्टोबरात ते लंडनच्या अर्थशास्त्राच्या विद्यालयात दाखल झाले, ग्रेज इनमध्येही नाव घातले. वर्ष पुरे होते न होते तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली. अध्यापक कॅनन यांच्या साह्याने चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी तेवढी मिळाली. महायुद्ध पेटलेले होते. आंबेडकर २१ ऑगस्ट १९१७ रोजी सुखरूप मुंबईस उतरले, परंतु त्यांचे सामान व ग्रंथ ज्या बोटीने निघाले होते ती शत्रूने पाणतीर मारून बुडविली. बुडालेल्या सामानाच्या भरपाईदाखल सहाशे रुपये मिळाले, आणि त्यातून बडोद्यास जाण्याची तरतूद झाली! विद्येसाठी जमविलेली पुस्तके समुद्रात गेली म्हणून विद्येचे ऋण फेडण्यास जाणे जमले, हा योगायोग विलक्षणच म्हणावयाचा.

बडोद्यास जे झाले ते आंबेडकरांनी पुढे स्वतः लिहून ठेविले असून ते लिखाण त्यांच्या पश्चात, १९९० साली, पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाले. चार वर्षे परदेशी राहून आपण अस्पृश्य आहो याचे भानही त्यांच्या मनातून पुसले गेले होते. स्थानकावर उतरताच ते भान परतले. हिंदू खाणावळीत जागा मिळणे नव्हते. म्हणून पारशी नाव धारण करून एका पारशी विश्रामगृहात ते राहिले. कचेरीत हुद्दा मोठा, महाराजांच्या लष्करी चिटणिसाचा, परंतु शिपाई कागद लांबून टाकीत. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी लोक दाराशी आले व संध्याकाळपर्यंत जागा खाली करण्यास त्यांनी बजाविले. एका हिंदू व एका ख्रिस्ती स्नेह्याकडे विचारून पाहिले. दोघांनीही निमित्ते सांगितली. रात्रीच्या गाडीस अवकाश होता तो कामाठी बागेत बसून काढला, आणि डॉक्टरेटच्या योग्यतेचा हा अधिकारी मुंबईस परतला. महाराजांनी सात समुद्रांपलीकडे पाठविण्याचा खर्च सोसला होता. स्वतःच्या राजधानीत चार भिंती मिळवून देणे मात्र त्यांच्या राज्ययंत्रास साधले नाही. सयाजीरावांच्या औदार्यास यामुळे उणेपणा येत नाही. एकट्या राजाची इच्छा कोठवर पोहोचते, त्याची मर्यादा तेवढी येथे दिसते.

दुसऱ्या वेळी, १९२० साली, ते लंडनला गेले ते सिडनॅम कॉलेजातील पगारातून शिल्लक टाकून, छत्रपती शाहू महाराजांचे साह्य घेऊन आणि नवल भथेनांकडून कर्ज काढून. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास डी. एस्सी. मिळाली. या खेपेस दहा वर्षांच्या नोकरीची अट कोणी घातली नव्हती.

१९४२ साली आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, आणि ज्या मदतीस आजवर केळूसकर लागत असत तिला कायमचे खाते लावून देण्याचा योग आला. त्या वर्षाच्या ऑक्टोबरात त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांस अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे टिपण सादर केले. अलीगढ व बनारस येथील विद्यापीठांस सरकार दरसाल मोठी देणगी देते, मग ज्या वर्गास शाळेचे दारही धड उघडलेले नाही त्यास काहीच का नसावे, असा त्यातील रोखठोक सवाल होता. त्यातून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी सालिना तीन लाख रुपयांची तरतूद झाली, आणि १९४४ पासून मॅट्रिकनंतरच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. काही विद्यार्थी परदेशीही धाडले गेले. १९४८ साली आदिवासी विद्यार्थ्यांसाठीही या शिष्यवृत्त्या खुल्या झाल्या. गोंड व हलबा वस्तीच्या भंडारा जिल्ह्यास ही गोष्ट लहान नव्हती. अर्ज आता महाराजांच्या नावे नव्हता, सरकारी खात्याच्या नावे होता. त्यात दिरंगाई होती, दाखल्यांची यातायात होती, पैसे हाती पडेपर्यंत खानावळीची उधारी वाढत होती. तरीही नागपूरची खोली व फी मागण्यासाठी कोणाची मर्जी संपादन करावी लागत नव्हती.

१९५२ साली कोलंबिया विद्यापीठाने आपल्या या जुन्या विद्यार्थ्यास सन्मान्य पदवी अर्पण केली; मुंबईच्या मतदारांनी त्याला लोकसभेत पाठविण्याचे नाकारले तेही थोडेच महिने आधी. दोन वर्षांनी भंडाऱ्याने त्याचीच पुनरावृत्ती केली. ज्या वर्षी ही पोटनिवडणूक झाली त्याच १९५४-५५ या वर्षापासून भारत सरकारने अनुसूचित जातीजमातींच्या विद्यार्थ्यांस परदेशी उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या देण्याची योजना चालू केली. तिच्या जोडीला आणखी एक लहानसे अनुदान होते. परदेशी विद्यापीठाने मदत देऊ केली, पण तेथवर जाण्यापुरते पैसे नाहीत, अशा विद्यार्थ्यास त्यातून बोटीचे भाडे मिळे.