सनदेची फी

वकिलीचं शिक्षण कशाला म्हणायचं? प्राचार्य म्हणतात, धंदा बदलतोय, अभ्यासक्रम बदलला पाहिजे. बार कौन्सिल म्हणते, दर्जा घसरलाय, परीक्षा घेतली पाहिजे. न्यायमूर्ती म्हणतात, पोरांना कोर्टाचा अनुभव नाही, आधी तीन वर्षं घासू द्या. सगळे आपापल्या जागी खरंच बोलतात. पण ती तीन वर्षं पोरगं खाणार काय, राहणार कुठं, हे कुणी बोलत नाही. आणि आपल्या दृष्टीनं मुळात प्रश्न तोच आहे.

म्हणून दोस्तहो, जरा मागं जाऊन बघू. इतिहास कामाचा असेल तरच वाचायचा. हा कामाचा आहे.

१९२२ साली ग्रेज इनमधून भीमराव आंबेडकर बॅरिस्टर झाले. १९२३ साली मुंबईत परतले. कोलंबिया आणि लंडन, जगातली दोन नावाजलेली विद्यापीठं पाठीशी. पण हायकोर्टात उभं राहायचं तर सनद पाहिजे आणि सनदेला फी पाहिजे. ती फी त्यांच्याकडे नव्हती. नवल भथेना या पारशी मित्रानं पैसे दिले, तेव्हा सनद निघाली.

हा प्रसंग आपण जयंतीच्या भाषणात सांगतो. लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं, टाळ्या पडतात, संपलं. पाणी पुसा आणि नीट बघा. ही एका माणसाच्या गरिबीची गोष्ट नाही. विद्या मिळाली तरी धंद्याचं दार वेगळं असतं आणि त्याचा दारवान वेगळा असतो, ही गोष्ट आहे.

त्या वेळी मुंबई हायकोर्टाच्या दोन बाजू होत्या. ओरिजिनल साइड आणि अपेलेट साइड. ओरिजिनल साइडला शहरातले बड्या पैशाचे दावे. तिथं पक्षकाराला बॅरिस्टरकडे थेट जाता येत नसे. मध्ये सॉलिसिटर. ब्रीफ कुणाला द्यायची ते सॉलिसिटर ठरवणार. आणि सॉलिसिटर मंडळी अस्पृश्य बॅरिस्टरला ब्रीफ का देतील? ग्रेज इननं बाबासाहेबांना कायदा शिकवला. सॉलिसिटरच्या गोतावळ्यात जन्म कसा घ्यायचा ते कुठलं कॉलेज शिकवणार? ही दुपदरी पद्धत १९७६ च्या कायदा दुरुस्तीनं गेली. ओळखीपाळखीची पद्धत गेली का, ते आपापल्या तालुक्याच्या बार रूममध्ये जाऊन बघा. पहिला प्रश्न अजून तोच येतो, आडनाव काय?

मग बाबासाहेबांनी काय केलं? अपेलेट साइड धरली. मुफसल कोर्टं धरली. जून १९२५ पासून मार्च १९२८ पर्यंत बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सीच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवला, कारण घर चालायला पाहिजे होतं. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. परळच्या दामोदर हॉलमधल्या सभेच्या कचेरीत गोरगरीब कज्जे घेऊन येत. १९२६ साली ‘देशाचे दुश्मन’ पुस्तकाच्या खटल्यात जेधे-जवळकरांची बाजू मांडून अपील जिंकलं. नाव झालं ते असं. वरून कुणी ब्रीफ टाकली म्हणून नव्हे.

याच १९२३ सालात आणखी एक दार उघडलं. तोवर बहुतेक हायकोर्टांत बाईला वकील होता येत नव्हतं. कलकत्त्यात रेजिना गुहा यांनी कायद्याची पदवी घेतली होती, तरी १९१६ साली हायकोर्टानं त्यांना ‘बाई’ म्हणून नाकारलं. १९२३ च्या कायद्यानं ती आडकाठी काढली. चळवळीतल्या पोरींनी हे साल ध्यानात ठेवावं. बाई आणि अस्पृश्य, दोघंही त्या दारात एकाच वर्षी पोचले आणि दोघांनाही आत बसायला खुर्ची कुणी दिली नाही.

आता कॉलेजांकडे वळू.

मुंबईचं सरकारी लॉ कॉलेज १८५५ चं. आशियातलं सगळ्यात जुनं म्हणून त्याचा डंका आहे. सर अर्स्किन पेरी या सरन्यायाधीशाच्या नावानं वर्गणी जमली, त्यातून कायद्याचं अध्यासन निघालं. १८६२ मध्ये हायकोर्ट आलं. इंग्रजांना आपली कोर्टं चालवायला माणसं पाहिजे होती. कॉलेजनं ती पुरवली. आणि माणसांची उतरंडही लागली. वर बॅरिस्टर, खाली वकील, त्याखाली प्लीडर, तळाला मुखत्यार. आपल्याला ही रचना नवी वाटायचं कारण नाही, गावात अशी एक होतीच. पेशवाईत ज्यांच्या घरात लेखणी होती त्यांच्याच घरात सनद गेली. चाकरी बदलली, घर तेच राहिलं. पहिल्या दिवसापासून कॉलेज धंद्यासाठी माणूस ‘तयार’ करतच होतं. कुणाचा माणूस आणि कुणाच्या धंद्यासाठी, एवढंच विचारायचं.

या कॉलेजात १९२८ साली बाबासाहेब प्राध्यापक झाले आणि जून १९३५ मध्ये प्राचार्य. त्या पेरीच्या अध्यासनावरही तेच बसले. ज्याला धंद्यानं दारात उभं केलं तो आता धंद्यासाठी पोरं घडवणार होता. १९३६ साली त्यांनी कॉलेजच्या मासिकात मुंबई इलाख्यातल्या कायदेशिक्षणाच्या सुधारणेवर लेख लिहिला. साल बघा. त्याच वर्षी जातिसंस्थेच्या उच्छेदावरचं त्यांचं न झालेलं भाषण छापून आलं, त्याच वर्षी स्वतंत्र मजूर पक्ष निघाला. आणि हा माणूस अभ्यासक्रमावर लेख लिहीत बसलाय! कारण त्यांच्या लेखी ही वेगवेगळी कामं नव्हती. वकिलाला नुसता कायदा पुरत नाही, सोबत इतर विषयांचं शिक्षण लागतं, हा त्या लेखाचा रोख.

हे ते पुस्तकातून बोलत नव्हते. डोक्यावर चवदार तळ्याचा दावा चालू होता.

२० मार्च १९२७ ला आपण पाण्याला हात लावला. डिसेंबरात सवर्णांनी कोर्टातून मनाई आणली. त्यांचं म्हणणं दोन कलमी. एक, हे ‘चौधरी तळं’, खासगी मालकीचं. दोन, अस्पृश्यांनी इथं पाणी भरायचं नाही ही अनादी काळापासूनची रूढी. प्रतिवादी खुद्द भीमराव रामजी आंबेडकर. दावा नऊ वर्षांहून जास्त चालला. महाडचं कोर्ट, ठाण्याचं अपील, मग हायकोर्ट. १७ मार्च १९३७ ला निकाल लागला. रूढी अनादी असल्याचं वादींना सिद्ध करता आलं नाही, म्हणून ते हरले.

आता विचार करा. हा दावा लढायला वकिलाला काय यावं लागलं? कलमं तर यावीच लागली. पण तळ्याची मालकी कुणाची, नगरपालिकेचा ठराव कधीचा, तळ्याचं पाणी कोणकोण वापरतं, ‘अनादी’ म्हणजे किती वर्षं, हे सगळं उकरावं लागलं. म्हणजे इतिहास, महसूल, समाजशास्त्र. समोरच्याचं हत्यार रूढी होतं. रूढीचा जन्मदाखला मागायचा तर इतिहास वाचलेला वकील लागतो. धर्मशास्त्राला शिव्या देऊन तळं मिळालं नसतं. पुरावा मागून मिळालं.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली ती वेळेची. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज. तिथं वर्ग सकाळी भरत, का तर पोरांना पुढं नोकरीवर जाता यावं. ज्याच्या घरचा चुलाच त्याच्या पगारावर पेटतो, त्याला अकरा ते पाचचं कॉलेज म्हणजे बंद कॉलेज. १९५६ साली सिद्धार्थ लॉ कॉलेज सुरू झालं. नागपूरची दीक्षा त्याच वर्षीची, महापरिनिर्वाणही त्याच वर्षीचं. जाता जाता माणूस आपल्याला धम्म देऊन गेला आणि लॉ कॉलेज देऊन गेला. आपण पहिलं मिरवलं, दुसरं विसरलो.

पुढची गोष्ट भरभर सांगतो. १९६१ च्या अॅडव्होकेट्स अॅक्टनं कागदावरची उतरंड मोडली. देशात एकच जात, अॅडव्होकेट. कायदेशिक्षणाचा दर्जा ठरवायचं काम बार कौन्सिलकडे गेलं. १९८८ मध्ये बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलची पहिली तुकडी बसली. पाच वर्षांचा कोर्स, कायद्याबरोबर समाजशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास. १९३६ च्या लेखातली गोष्ट पन्नास वर्षांनी उगवली म्हणायची. पण उगवली कुणाच्या अंगणात? २००८ पासून या विद्यापीठांचा प्रवेश क्लॅटवर, परीक्षा इंग्रजीत, फी वर्षाला लाखांत. शिकून झालं की मोठ्या कंपन्यांची लॉ फर्म. त्याच २००८ सालच्या बार कौन्सिलच्या नियमांनी वर्ग सकाळी आठ ते संध्याकाळी सात यातच घ्यायचे असं ठरवलं. दर्जासाठी म्हणे. कामावरून सुटून रात्री शिकणाऱ्याचा दर्जा कुणी मोजला?

दर्जा म्हणजे काय ते आपण खैरलांजीत बघितलं. २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातले चार जीव. २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टानं आठ जणांना दोषी धरलं, सहा जणांना फाशी सुनावली. पण अॅट्रॉसिटी कायदा लागू धरला नाही. २०१० साली हायकोर्टानं फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची कैद केली, आणि जात पुन्हा बाजूलाच राहिली. खून दिसला, जात दिसली नाही. कारण जात कोर्टात आपोआप दिसत नसते. फिर्याद लिहितानापासून ती पुराव्यात उतरवावी लागते. पंचनामा, जबाब, जातीचा उल्लेख, आधीच्या तक्रारी. हे काम ज्याला येतं असा वकील कुठल्या कॉलेजात तयार होतो? मूट कोर्टात टाय लावून ‘माय लॉर्ड’ म्हणायला शिकवतात. गावातल्या पोलीस ठाण्यात फिर्याद घ्यायला लावणं शिकवत नाहीत. २०१५ च्या दुरुस्तीनं पीडित आणि साक्षीदारांचे हक्क कायद्यात लिहिले गेले. लिहिलं गेलं हे मोठं. वापरणारा हात पाहिजे.

तो हात दारात अडतो. आता परत सनदेच्या फीवर येतो.

अॅडव्होकेट्स अॅक्टमध्ये नोंदणीची फी लिहिलेली आहे. सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातीला १२५. कायदा असा असताना राज्यांच्या बार कौन्सिली हजारोंनी रुपये उकळत होत्या. कुणी पंधरा हजार, कुणी चाळीस. ३० जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, कायद्यात आहे त्यापेक्षा जास्त घेता येणार नाही. निकाल पुढच्यासाठी. आधी घेतलेले परत करायची जबाबदारी नाही. म्हणजे १९२३ ते २०२४, एकशे एक वर्षं सनदेची फी आपल्या दारात उभी होती. कायदा शिकवणाऱ्यांच्या, कायदा लढवणाऱ्यांच्या नाकासमोर बेकायदा वसुली चालली होती आणि धंदा गप्प होता.

फी गेली, उमेदवारी आली. २० मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला तीन वर्षं वकिलीची अट परत आणली. २००२ साली ती काढलेली होती. शिवाय दाखला पाहिजे, तो दहा वर्षं जुन्या वकिलाचा. या खंडपीठावर सरन्यायाधीश होते भूषण गवई, अमरावतीचे, आपल्यातले. म्हणून मी गप्प बसणार नाही, आणि शिव्याही देणार नाही. अनुभव नसलेला न्यायाधीश गरिबालाच जास्त महाग पडतो, हेही खरंय. पण सीनियरच्या हातात दाखला म्हणजे पुन्हा मध्ये सॉलिसिटर उभा. आणि तीन वर्षं ज्युनियरला पगार कोण देणार? बार कौन्सिलनं २०२४ मध्ये शहरात वीस हजार, खेड्यात पंधरा हजार विद्यावेतनाची शिफारस केली. शिफारस! सक्ती नव्हे.

धंदा अजूनही बदलतोय. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायद्यांची नावं आणि कलमं बदलली. सुनावणी पडद्यावर आली, दावा संगणकावरून दाखल होतो. हे सगळं शिकलंच पाहिजे, मागं राहून चालणार नाही. पण घाबरायचं कारण नाही. कलमं सगळ्यांचीच बदलली, या एका बाबतीत सीनियर आणि ज्युनियर एका रेषेत आले.

मग आपण काय करायचं? निवेदनं देऊ, मोर्चे काढू, ते आहेच. पण भथेनानं मोर्चा काढला नव्हता, खिशात हात घातला होता. जयंतीच्या वर्गणीतला एक हिस्सा तालुक्यातल्या एका ज्युनियर वकिलाच्या तीन वर्षांसाठी बाजूला काढा. एक डीजे कमी वाजला तर बाबासाहेब रागावणार नाहीत. जुन्या आंबेडकरी वकिलांनी एक तरी पोरगी, एक तरी पोरगा चेंबरमध्ये घ्यावा, आडनाव न विचारता आणि फुकट न राबवता. विहाराची एक खोली रविवारी दामोदर हॉल करा. टेबल, दोन खुर्च्या, अॅट्रॉसिटी कायद्याचं पुस्तक, आणि फिर्याद लिहून देणारा एक माणूस. तालुका कोर्टाची भाषा मराठी आहे, ती आपल्या मायची भाषा आहे, तिथं दबायचं नाही.

वकिलीचं शिक्षण कॉलेजात सुरू होतं. संपतं ते अशा टेबलाशी. पुढच्या अंकाआधी असं टेबल कुठं लागलं ते कळवा. छापू.

जयभीम.