आपत्कालीन दरवाजाजवळील आसने : हालचालीवर मर्यादा असलेल्या प्रवाशांसाठीचे नियम

प्रवासी विमानात आपत्कालीन दरवाजाला लागून असलेल्या आसनांवर, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या 'एक्झिट रो'मध्ये, कोणी बसावे व कोणी बसू नये याविषयीचे नियम. पंखावरचा दरवाजा उघडण्याचे काम बहुधा केबिन क्रूच्या नव्हे, तर शेजारच्या प्रवाशाच्या वाट्याला येते. ते काम ज्याला करता येईल त्यालाच तेथे बसवावे, हे या नियमांचे मूळ सूत्र. त्यामुळे व्हीलचेअर वापरणारे, कुबड्या किंवा काठीच्या आधाराने चालणारे, तसेच हात-पाय प्लॅस्टरमध्ये असलेले प्रवासी यांना ही आसने दिली जात नाहीत. लहान मुले, तान्ह्या बाळासह प्रवास करणारे, गर्भवती आणि आसनपट्ट्याला जोडपट्टा लागणारे प्रवासी यांनाही सामान्यतः हाच नियम लागू होतो.

दरवाजाची रचना. एअरबस ए३२० विमानात पुढे-मागे मोठे दरवाजे आणि पंखांवर प्रत्येक बाजूस दोन, असे चार छोटे दरवाजे असतात. पंखावरचा दरवाजा बिजागरीवर फिरत नाही. झाकण काढून आतील मूठ ओढली की सुमारे १५ किलो वजनाची अख्खी फळी सुटून हातात येते. ती पेलून बाहेर टाकावी लागते आणि मग वाकून पंखावर पाऊल ठेवावे लागते. बोइंग ७३७च्या ८०० व तत्सम मालिकेत हा दरवाजा वर बिजागरीला अडकवलेला असून मूठ ओढताच स्प्रिंगने बाहेर उघडतो. तेथे वजन पेलण्याचा प्रश्न उरत नाही. नियम मात्र दोन्ही विमानांना सारखाच लावला जातो. एटीआर ७२ या पंख्याच्या विमानात प्रवासी मागच्या दरवाजाने चढतात आणि आपत्कालीन दरवाजे पुढच्या ओळींजवळ असतात. चालायला त्रास होणाऱ्याने 'पुढची जागा बरी' म्हणून मागितलेली जागा या विमानात नेमकी वर्ज्य ठरू शकते. शिवाय चढल्यावर तिथवर जायला सगळी मधली वाट चालावी लागते.

उड्डाणापूर्वी केबिन क्रू या ओळीपाशी थांबून प्रत्येकाला विचारते : गरज पडल्यास मदत कराल का? तोंडी होकार घेतला जातो, सूचनापत्रक दाखवले जाते आणि पायाशी ठेवलेली पिशवी वरच्या कप्प्यात टाकायला लावतात. नकार देणाऱ्याची जागा बदलतात.

उगम. या नियमांमागे मँचेस्टर विमानतळावरील २२ ऑगस्ट १९८५चा अपघात प्रामुख्याने सांगितला जातो. ब्रिटिश एअरटूर्सच्या बोइंग ७३७ विमानाला उड्डाणाच्या धावेत आग लागली. विमानातील १३७ पैकी ५५ जणांचा मृत्यू झाला, बहुतेकांचा धुराने. उजव्या पंखावरील दरवाजाशेजारच्या प्रवासी महिलेने दरवाजाच्या मुठीऐवजी आसनाचा हात ओढला. नंतर सुटलेली सुमारे २२ किलोची फळी तिच्याच अंगावर आली. मागच्या ओळीतील पुरुषाच्या मदतीने ती उचलून रिकाम्या आसनावर ठेवली गेली, तेव्हा विमान थांबून सुमारे ४५ सेकंद झाले होते. विमान रिकामे करण्याच्या प्रमाणन चाचणीत, निम्मेच दरवाजे वापरून, एकूण मुदत ९० सेकंदांची असते हे लक्षात घेता हा वेळ मोठा आहे. ही महिला अपंग नव्हती. अपघातानंतर ब्रिटनमधील क्रॅनफील्ड येथे संशोधक हेलन म्यूर यांनी स्वयंसेवकांवर विमान रिकामे करण्याचे प्रयोग केले. ब्रिटनमध्ये दरवाजाजवळील ओळींतले अंतर वाढवण्यात आले.

९० सेकंदांच्या या चाचणीत किमान ४० टक्के स्त्रिया व ३५ टक्के पन्नाशीपुढील व्यक्ती असाव्यात असा दंडक आहे. बाळांच्या जागी तीन बाहुल्या असतात. अपंग व्यक्तींचे प्रमाण त्यात ठरवलेले नाही.

अमेरिकेतील नियम. तेथे १९९०मध्ये सविस्तर निकष ठरले : दोन्ही हात-पायांत पुरेशी ताकद, दरवाजापर्यंत चटकन पोचण्याची क्षमता, किमान १५ वर्षे वय, सूचना वाचता व ऐकता येणे. जागा बदलून मागणाऱ्याला कारण सांगण्याची सक्ती नाही. दृष्टिहीनांच्या नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड या संघटनेने अशा बंदीला विरोध केला. धुराने भरलेल्या केबिनमध्ये दृष्टी असलेल्यालाही दिसत नाही, हा त्यांचा एक मुद्दा होता. त्यावर मतभेद आहेत. गुडघा न वाकणाऱ्या प्रवाशाला पाय पसरायला जागा लागते आणि ती नेमकी एक्झिट रोमध्ये मिळते; अमेरिकी नियमांनुसार अशा प्रवाशाला केबिनच्या पुढच्या भिंतीलगतची किंवा तशी ऐसपैस जागा द्यावी लागते.

भारतातील तरतुदी. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) नियमावलीतील विभाग ३, मालिका एम, भाग १ अपंग व हालचालीवर मर्यादा असलेल्या प्रवाशांविषयी आहे. हा भाग २००८मध्ये निघाला, २०१४मध्ये सुधारला गेला. मदत हवी असल्यास ४८ तास आधी कळवावे, असे त्यात आहे. जुलै २०२२च्या दुरुस्तीने केवळ अपंगत्वामुळे प्रवास नाकारण्यास मनाई झाली. प्रवासात तब्येत बिघडेल असे वाटल्यास कंपनीने डॉक्टरचे मत घ्यायचे आहे. या दुरुस्तीआधी, मे २०२२मध्ये, रांची विमानतळावर एका अपंग मुलाला विमानात चढू न दिल्याबद्दल इंडिगोला ५ लाख रुपयांचा दंड झाला होता.

आरक्षणाच्या वेळी व्हीलचेअरचे तीन वर्ग नोंदवतात : विमानापर्यंतच मदत लागणारे, जिना चढू न शकणारे, आसनापर्यंत न्यावे लागणारे. पहिल्या वर्गातील प्रवासी जिना चढतो, आसनापर्यंत चालतो. तरीही एक्झिट रो त्याला मिळत नाही. अनेक कंपन्या याच आसनांना जादा आकार लावतात. व्हीलचेअरची नोंद न करता ऑनलाइन जागा विकत घेतलेल्या प्रवाशाला काउंटरवर किंवा थेट विमानात उठवले जाते, आणि तो निर्णय बहुधा एका नजरेत होतो.

न्यायालयीन निर्णय. सेरेब्रल पाल्सी असलेल्या जीजा घोष यांना १९ फेब्रुवारी २०१२ रोजी कोलकात्याहून गोव्याला जाणाऱ्या स्पाइसजेटच्या विमानातून उतरवण्यात आले. त्या गोव्यातील परिषदेला निघाल्या होत्या. परिषद भरवणारी मुंबईची 'अडॅप्ट' ही संस्था याचिकेत सहभागी होती. १२ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १० लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. प्रश्न एक्झिट रोचा नव्हता. परंतु सुरक्षेचे कारण सांगताना प्रवाशाच्या प्रतिष्ठेचे भान ठेवावे, हे त्यातून प्रस्थापित झाले.

एका विमानतळाचे उदाहरण : नाशिक. नाशिकचा विमानतळ शहरापासून सुमारे २० किमीवर ओझर येथे, हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या आवारात आहे. प्रवासी टर्मिनल २०१४मध्ये खुले झाले. डिसेंबर २०१७मध्ये उडान योजनेखाली एअर डेक्कनची बीचक्राफ्ट १९०० ही जेमतेम १८-१९ आसनी विमाने आली. एवढ्या लहान विमानात केबिन क्रू बंधनकारक नसल्याने सुरक्षेच्या सूचना वैमानिकाकडे येतात. पुढे अलायन्स एअरची एटीआर ७२, स्टार एअरची ५० आसनी एम्ब्राएर १४५ आणि मार्च २०२३पासून इंडिगोची विमाने आली. त्यामुळे एकाच विमानतळावरून निघणाऱ्या प्रवाशाला, मार्ग बदलला की वर्ज्य ओळही बदललेली आढळते. येथून जा-ये करणाऱ्यांत त्र्यंबकेश्वर व पंचवटीला येणारे ज्येष्ठ भाविक असतात. २०२७च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात ते वाढण्याची शक्यता आहे.

अपघाती उघडणे. डिसेंबर २०२२मध्ये चेन्नई विमानतळावर उभ्या एटीआर विमानाचा आपत्कालीन दरवाजा एका खासदाराच्या हातून उघडला गेला. सुरक्षा तपासणीनंतर विमान उशिरा निघाले.

मार्गदर्शक श्वान. श्वानासह प्रवास करणाऱ्यांनाही ही आसने दिली जात नाहीत.