प्रतिपालित मुलांचे शिक्षण : मूल हलते, शाळा मागे राहते

धारवाड रेल्वेस्थानकालगतच्या मळमड्डी भागात वनिता सेवा समाज ही जुनी संस्था आहे. बालवैधव्य वाट्याला आलेल्या भागीरथीबाई पुराणिक यांनी ती १९२८ साली निराधार स्त्रियांसाठी स्थापन केली. आधी निवारा आणि मग स्वतःच्या पायावर उभे करणारे शिक्षण, ही त्या पिढीच्या संस्थांची रीत होती. धारवाडच्या मुरुघामठाने गरीब विद्यार्थ्यांसाठी चालवलेले मोफत वसतिगृह याच परंपरेतले. आठवड्याचे वार लावून जेवणारे आणि शिकणारे विद्यार्थी तर मराठी आणि कन्नड अशा दोन्ही घरांनी सांभाळले. महात्मा फुले व सावित्रीबाई यांनी दत्तक घेतलेला यशवंत पुढे डॉक्टर झाला, तोही घर आणि शिक्षण एकत्र लाभल्यामुळेच.

आज कायद्याचा कल संस्थेपेक्षा कुटुंबाकडे आहे. हा बदल इष्ट आहे. पण त्यामुळे मुलाचे घर एका यंत्रणेकडे आणि शाळा दुसऱ्या यंत्रणेकडे गेली. या दोहोंमधल्या फटीत मुलाचे शिक्षण निसटते.

प्रतिपालकत्व म्हणजे काय?

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ नुसार बाल कल्याण समिती एखाद्या मुलाला नात्याबाहेरच्या कुटुंबाकडे ठरावीक किंवा दीर्घ मुदतीसाठी सोपवू शकते. दत्तकविधानाप्रमाणे येथे मूळ कुटुंबाशी असलेले कायदेशीर नाते तुटत नाही. मुलाचे शिक्षण, आरोग्य आणि पोषण यांची जबाबदारी प्रतिपालक कुटुंबावर असते. भावंडांना शक्यतो एकत्र ठेवावे, असेही कायदा सांगतो. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनी ३५ ते ६० वयोगटातील एकट्या व्यक्तीलाही प्रतिपालक होण्याची वाट मोकळी केली आहे.

शिक्षण कोठे तुटते?

पहिला खंड स्थलांतराचा. वास्को, लोंढा, धारवाड, हुब्बळ्ळी हा लोहमार्ग उत्तर कर्नाटकातील मजूर कुटुंबांचा गोव्याला येण्याजाण्याचा मार्ग आहे. गोव्यात निराधार आढळलेले मूल दुसऱ्या राज्यातील असेल, तर चौकशीअंती आणि मुलाच्या हिताचे असल्यास, त्याला मूळ जिल्ह्याच्या समितीकडे पाठवण्याची तरतूद कलम ९५ मध्ये आहे. मूल पोहोचते, कागदपत्रेही पोहोचतात. पण चालू वर्षाचा अभ्यास पोहोचतोच असे नाही.

दुसरा खंड भाषेचा. गोव्यातील मराठी किंवा कोंकणी शाळेत अक्षरओळख झालेले मूल धारवाडच्या कन्नड वर्गात बसले, की लिपीपासून सुरुवात करावी लागते. कर्नाटकात २०१५ च्या अधिनियमानुसार कन्नड ही प्रथम किंवा द्वितीय भाषा म्हणून शिकवणे बंधनकारक आहे. घरी कन्नड बोलणाऱ्या मुलालाही ती लिहिता येईलच असे नसते. अशा मुलाला ‘कच्चे’ ठरवून खालच्या इयत्तेत बसवणे सोपे असते. मात्र वयाने लहान मुलांमध्ये बसलेला किशोर फार दिवस शाळेत टिकत नाही.

तिसरा खंड कागदपत्रांचा. जन्मदाखला, जातीचा दाखला, पालकाची सही हे सारे आईवडील हाताशी आहेत असे धरूनच मागितले जाते. महाराष्ट्राने २०१८ मध्ये अनाथांसाठी शिक्षण व शासकीय नोकऱ्यांत एक टक्का आरक्षण ठेवले, त्यामागे जात सिद्ध करता न येणाऱ्या मुलांची हीच अडचण होती.

चौथा खंड वयाचा. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क चौदाव्या वर्षापर्यंतच आहे, आणि बाल न्याय कायद्याच्या लेखी अठराव्या वर्षी बालपण संपते. नेमकी याच चार वर्षांत दहावी आणि बारावी येते.

कायद्याने दिलेले आधार

शिक्षण हक्क अधिनियम, २००९ मधील काही तरतुदी प्रत्येक प्रतिपालकाने लक्षात ठेवाव्यात. कलम ४ नुसार मुलाला वयानुरूप इयत्तेत प्रवेश आणि मागे राहिलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षण मिळते. कलम ५ अन्वये शाळा सोडल्याचा दाखला उशिरा आला, या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही. वयाचा पुरावा नसल्यास कलम १४ आणि मुदत उलटली असल्यास कलम १५ मुलाच्या बाजूने उभे राहते.

केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेत प्रायोजकत्व, प्रतिपालकत्व आणि अनुरक्षण यांसाठी प्रत्येक मुलामागे दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. संस्थेतून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्या युवकाला एकविसाव्या वर्षापर्यंत, अपवादात्मक स्थितीत तेविसाव्यापर्यंत, अनुरक्षणाचा आधार मिळू शकतो. पदवी किंवा आयटीआय पूर्ण होण्यास ही मुदत पुरेशी आहे.  नियमित शाळा सुटलेल्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत दहावी-बारावी देता येते.

जबाबदार कोण?

इंग्लंडने २०१४ च्या कायद्याने प्रत्येक स्थानिक प्राधिकरणाला एक अधिकारी नेमणे बंधनकारक केले. आपल्या क्षेत्राने सांभाळलेली मुले कोणत्याही शाळेत असोत, ती जणू एकाच शाळेत आहेत असे मानून त्यांच्या प्रगतीवर लक्ष ठेवणे, हे त्याचे काम. आपल्याकडे प्रत्येक मुलाचा व्यक्तिगत संगोपन आराखडा तयार होतो आणि त्यात शिक्षणाचाही विचार असतो. तो आराखडा वर्गशिक्षकापर्यंत पोहोचावा, भाषा बदलल्यास पूरक वर्गाची सोय त्यात लिहिली जावी आणि शक्यतो शैक्षणिक वर्षाच्या मध्यावर मुलाची जागा बदलू नये, एवढ्या तीन गोष्टींना नवा कायदा लागत नाही.

प्रतिपालक होऊ इच्छिणाऱ्यांनी जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी संपर्क साधावा. संकटातील मुलाची माहिती १०९८ या निःशुल्क क्रमांकावर देता येते. मात्र मूल सुरक्षित घरी पोहोचले, की आपले काम संपले असे यंत्रणेने मानू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कोणत्या शाळेत आणि कोणत्या वर्गात बसणार, याचे उत्तर त्याच आदेशात असले पाहिजे.