राणीच्या बागेतला रविवार

साल 1888. पहाटेचा भोंगा वाजून गेलाय आणि तुम्ही परळ रोडवरून झपाझप निघाला आहात. वय विशीतलं, गाव साताऱ्याकडचं, नोकरी गिरणीच्या साचेखात्यात. भायखळ्याला बागेचं कुंपण लागतं. आतली झाडं दिसतात, ओल्या मातीचा वास येतो, पण थांबायला सवड नाही. आज रविवार आहे, आणि रविवारीही गिरणी चालू आहे. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत तुम्ही साच्यापुढे उभे असणार. परत येताना याच कुंपणाजवळून जाल, तेव्हा पाय इतके भरून आलेले असतील की बागेकडे मान वळवायचंही त्राण उरणार नाही.

ही बाग 1862 सालची. तेव्हा अमेरिकेत यादवी पेटली होती, तिथला कापूस विलायतेला जायचा बंद झाला होता आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या पैशाच्या पुरात मुंबईने बाग केली. शेजारी वस्तुसंग्रहालयाचा पायाही घातला. डॉ. भाऊ दाजी लाड आणि नाना शंकरशेट यांनी त्यासाठी वर्गण्या जमवल्या. 1865 मध्ये यादवी संपली, शेअर कोसळले, पेढ्या बुडाल्या आणि इमारतीचं काम रखडलं. संग्रहालय लोकांसाठी उघडायला 1872 उजाडावं लागलं. एवढं सगळं कापसावर उभं राहिलं. कापूस हाताळणाऱ्या तुम्हाला मात्र ते पाहायला आठवड्यातला एक दिवस मिळत नाही. शहराच्या इतिहासातली ही गोष्ट मला फार जिव्हारी लागते.

आता 24 एप्रिल 1890. महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर तुम्ही दहाएक हजार गिरणीकामगारांच्या गर्दीत आहात. सभा बोलावली आहे नारायण मेघाजी लोखंडे यांनी. जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक, आणि स्वतः गिरणीत नोकरी केलेला माणूस. सभेत दोन बायाही उठून बोलतात, गिरणीतच काम करणाऱ्या. तुम्ही टाचा उंचावून पाहता. बाईमाणूस एवढ्या जमावापुढे हक्काचं बोलताना तुम्ही याआधी पाहिलेलं नाही. मागणी अगदी साधी आहे: आठवड्यातून एक दिवस सुट्टी. 10 जून 1890 ला गिरणीमालक रविवारची सुट्टी कबूल करतात.

आणि मग एका रविवारी तुम्ही आत शिरता. कुठे जायचं ते ठरलेलं नाही. गोरख चिंचेचं अजस्र खोड दिसतं, त्याला हात लावून पाहता. सावलीत बसता. कुणी हटकत नाही. थोड्या वेळाने लक्षात येतं की आज मुकादमाची हाक येणार नाही, आणि तुम्ही गवतावर आडवे होता.

1914. केस पांढरे व्हायला लागलेत, बोटाला धरून मुलगा आहे. संग्रहालयाशेजारी लोक जमलेत, कारण घारापुरीचा दगडी हत्ती पुन्हा उभा राहिला आहे. याच हत्तीवरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. 1864 मध्ये तो उचलून विलायतेला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना तो निसटून पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेत आणून ठेवले होते, आणि आता कॅडेल आणि ह्यूएट यांनी ते सांधून हत्ती पुरा केला आहे. जवळ जाऊन पाहा. पोटावर, पायांवर सांधे स्पष्ट दिसतात, दगडाच्या दोन कडा नीट जुळलेल्या नाहीत. मुलगा त्या भेगेवरून बोट फिरवतो आणि विचारतो, दुखलं असेल का? साहेबाच्या देशात तो धड पोचला असता, तर या पोराचं बोट त्याला कधीच लागलं नसतं.

पुढची वर्षं भराभर जातात. चाळीतली बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं रविवारी डबे घेऊन येतात, पोरं खऱ्या हत्तीवर बसून फेरी मारतात, चणे-शेंगदाण्यांच्या पुड्या सुटतात. 1965 मध्ये फोर्टातला काळ्या घोड्याचा पुतळा राजासकट इथे मुक्कामाला येतो. 1969 मध्ये बागेला जिजामातेचं नाव मिळतं.

18 जानेवारी 1982. संप. आता तुमचा नातू साच्यावर आहे. नव्हे, होता. अडीच लाख कामगार बाहेर पडलेत. आठवडे जातात, महिने जातात, आणि आठवड्याचे सातही दिवस सुट्टीचेच होऊन बसतात. तो मंगळवारी भर दुपारी बागेत येऊन बसतो, कारण घरात बायकोच्या तोंडाकडे बघवत नाही. बाग तीच, सावली तीच. पण तिचा आराम त्याला लागत नाही. सुट्टीला अर्थ येतो तो कामामुळे, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

आज या. 2016 मध्ये दक्षिण कोरियाहून आलेले हम्बोल्ट पेंग्विन काचेमागे पोहताहेत आणि काचेपुढे पोरांची झुंबड आहे. कौतुक त्यांचं होवो, पण मला बाहेरच्या झाडांची जास्त काळजी वाटते. 2007 मध्ये बागेचा कायापालट करायची योजना आली, तेव्हा या झाडांसाठी नागरिक उभे राहिले. त्यांनी ती मोजली, त्यांची नावं लिहून काढली, महापालिकेशी भांडण मांडलं. बाग नुसती मिळून भागत नाही, दर पिढीला ती नव्याने राखावी लागते, हे त्यांनी ओळखलं होतं.

बागेची स्वतःची साप्ताहिक सुट्टी बुधवारी असते. ती बुधवारीच राहावी. डोंबिवली-विरारहून दोन पोरं घेऊन लोकलने भायखळ्याला उतरणाऱ्यांना सवड मिळते ती रविवारीच.